मुंबईची भुलाबाई

एखाद्या माणसाला काही येत नाही हे गावाला कळायला वीस वर्षं लागतात. पण त्याला अमुक एका विषयातलं कळतं ही अफवा पसरायला एक संध्याकाळ आणि एक पानठेला पुरतो. आमच्या अंजनगाव सुर्जीत माझ्याबद्दल अशीच एक अफवा पसरली. मला म्हणे कारंज्यांतलं कळतं!

झालं असं की, चौकातल्या काही हौशी मंडळींनी वर्गणी काढून चौकाच्या मधोमध एक कारंजं उभारायचं मनावर घेतलं. मी पानठेल्यावर उभा होतो. पान अजून हातात आलेलं नव्हतं, म्हणून तोंड रिकामं होतं. हीच चूक झाली. मी बोलून गेलो, "मुंबईचं फ्लोरा फाउंटन पाहिलंय मी."

"कवा पाह्यलं?" ठेकेदारभाऊंनी विचारलं.

"1971 साली."

"म्हंजे पन्नास वर्साचा अनुभव आहे की मास्तरले!"

झालं. मी समितीचा तज्ज्ञ सभासद झालो. शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा मला कोणी तज्ज्ञ म्हटलं नाही. आणि एका कारंज्यापुढे एक दुपार उभा राहिलो, त्याचं हे फळ मिळालं. समितीने ठरवलं, मास्तरांनी मुंबईला जाऊन ते कारंजं पुन्हा नीट पाहावं आणि त्याच्या बांधणीवर व मूर्तीवर आपलं मत लेखी द्यावं. प्रवासखर्च अर्थातच मास्तरांचा.

घरी येऊन म्हणालो, "कारंज्यावर लिहायचंय. एकदा जाऊन येतो."

ही म्हणाली, "जाऊन या ना. अन् गुरुमंदिरात माह्या नावाचा नारळ फोडजा."

तिचं काही चुकलं नव्हतं. वऱ्हाडात कारंजा म्हटलं की आधी आठवतं ते लाडांचं कारंजा, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. पाणी उडवणारं कारंजं त्याच्या फार नंतर. पाणी वर उडतं ही कल्पनाच मुळी आमच्या भागाला परकी आहे. आमचं पाणी खाली जातं, दरवर्षी हातभर आणखी खाली जातं, आणि आम्ही दोर घेऊन त्याच्या मागे. शिवाय पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर लागली तरी त्या पाण्यात डाळ शिजत नाही. अशा मुलखातल्या माणसाने कारंज्यावर टीका लिहायची म्हणजे ब्रह्मचाऱ्याने सासूवर लिहिण्यासारखं आहे. पण तसं लिहिणारेही पुष्कळ झाले आहेत, म्हणून धीर केला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या वेळी आमच्या गावाहून आमची शकुंतला निघायची. ती छोटी गाडी अचलपूरहून मूर्तिजापूरला इतक्या सावकाश जायची की, खिडकीतून दिसलेल्या शेतमालकाची चौकशी पुरी होईपर्यंत शेत संपायचं नाही. आता ती बंद आहे. मूर्तिजापूरला मोठी गाडी धरून मी बोरीबंदरला उतरलो. मामा घ्यायला आले होते. मामा लालबागला राहायचे, गिरणीत होते. त्यांच्या बोलण्यात मुंबई शिरली होती, पण राग आला किंवा गहिवरून आलं की वऱ्हाडी बाहेर यायची.

मी पाहिलेलं फ्लोरा फाउंटन पांढरंफेक होतं. तेलरंगाचे थर चढवून चढवून कोणीतरी त्याचं पार रुखवत करून टाकलं होतं. खाली रुंद, वर निमुळतं, मध्ये शिंपल्यांची पात्रं, मासे, पानं-फुलं, चारी अंगांना परदेशी पुराणांतल्या आकृत्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक बाई. मला वाटलं, हे साखरेचं असावं. मुंग्या कशा लागत नाहीत एवढंच नवल.

गावी परतल्यावर आईला सांगितलं, मुंबईत भर चौकात एका देवीचा पुतळा आहे, फ्लोरा नावाची. आईला कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, "भुला? मुंबईतबी भुलाबाई मांडतेत?"

मी म्हटलं, "भुला नाही, फ्लोरा. फुलांची देवी."

"मंग भुलोजी कुठी आहे तिचा? अन् गनपती?"

"एकटीच आहे."

"एकटीच? अन् इतक्या वर चढून?" आईने थोडा वेळ विचार केला. "खाली उतरवा म्हनावं तिले. पोरींनी गानी म्हनाची तर मान दुखल."

आजवर मी कलासमीक्षेची जी काही पुस्तकं चाळली त्यांत स्मारकशिल्पावर याहून नेमकी टीका मला आढळली नाही. आमची भुलाबाई मातीची असते, पाटावर बसते, शेजारी भुलोजी, मध्ये बाळ. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी तिच्यासमोर बसून गातात, डब्यात लपवलेला खाऊ ओळखतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घालतात. देवी आणि पोरी एकाच उंचीवर. फ्लोराबाई मात्र अशा उंचीवर उभ्या की, खालच्या माणसाला त्यांच्या हनुवटीखेरीज फारसं काही दिसू नये.

आईला एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मला ती पुढे वाचनात आली. फ्लोराबाई एकट्या नाहीत. रोमन कवींच्या मते त्यांचा नवरा म्हणजे पश्चिमेचा वारा. म्हणजे जावईबापू मुंबईत आहेतच. दर जूनमध्ये येतात आणि सासुरवाडीला गुडघाभर पाण्यात उभं करतात.

आता समितीला द्यायचं मत. एखाद्या कारंज्याची परीक्षा कशी करावी याचे मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत: पैसा कोणाचा, पाणी कुठलं, आणि वर कोण. हे तीन प्रश्न आमच्या ठेकेदारभाऊंनाही सुचले होते. फक्त त्यांनी पहिला प्रश्न तीनदा विचारला.

पैशाचं असं. हे कारंजं 1864 सालचं. उभारलं ते पश्चिम हिंदुस्थानच्या शेती-बागायती सोसायटीने. खर्च आला 47,000 रुपये, आणि त्यांतले 20,000 दिले कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी. मुळात ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत बसायचं होतं. नावही ठरलं होतं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं. मग जागा बदलली आणि नावही बदललं. फ्रिअरसाहेबांनीच मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती पाडायला काढल्या होत्या. त्या किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता त्या भागात हे कारंजं आलं. बागेसाठी घडवलेली फुलांची देवी अशी रस्त्यावर आली. बदलीच्या हुकमात गाव चुकलं की मास्तरचं काय होतं हे मला ठाऊक आहे, म्हणून मला बाईंबद्दल पहिल्यापासून आपुलकी.

पण 1864 हे साल आलं की वऱ्हाडी माणसाचे कान उभे राहिले पाहिजेत. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला, आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाचा भाव आभाळाला टेकला. मुंबईत पैसा नुसता उतू गेला. शहराचे रस्ते, इमारती, बागा, कारंजी यांची हौस फुटली ती त्याच दिवसांत. तो कापूस काही फोर्टात पिकत नव्हता. गुजरातेत, खानदेशात आणि आमच्या काळ्या जमिनीत पिकत होता. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या हाती होतंच. 1867 मध्ये तर रेल्वे नागपूरला पोचली, ती काही आमचं हवापाणी बदलावं म्हणून नव्हे. 1865 साली अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला, मुंबईत पेढ्या आणि बँका पटापट बुडाल्या. कारंजं मात्र राहिलं.

म्हणून माझी पहिली तक्रार शिल्पाविषयी आहे. त्यावर फुलं आहेत, पानं आहेत, शिंपले आहेत, मासे आहेत. त्यांत कापसाचं एक बोंड कोरलं असतं तर दगडाचं काय बिघडलं असतं? कर्ज काढून लग्न करावं आणि सावकाराला पत्रिकाही पाठवू नये, त्यातला प्रकार. बोंड दिसायला फुलापेक्षा कमी नसतं, हे ज्याने दिवाळीच्या सुमारास आमच्याकडचं फुटलेलं शेत पाहिलंय त्याला सांगायला नको. पण बोंड कोरायचं तर ते वेचणारी बाईही कोरावी लागते. ती काय फ्लोराबाईंसारखी नेसून-सवरून उभी राहणार? ती वाकलेली असते.

कारंज्याचा आराखडा केला रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी, मूर्ती घडवल्या जेम्स फोर्सिथ यांनी. शॉ तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांचे. फोर्सिथ मात्र कारंज्यांत मुरलेले; इंग्लंडात विटली कोर्टला पर्सियस आणि अँड्रोमिडाचं जे अवाढव्य कारंजं आहे तेही त्यांचंच. दगड पोर्टलंडचा. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला लागला तोच. सातासमुद्रापलीकडून आला. पोर्टलंडचा दगड म्हणजे जातीने चुनखडी. पानठेल्यावर हे सांगितलं तेव्हा मालकाने हातातलं पान तसंच धरलं आणि विचारलं, "म्हंजे इंग्रजानं चुनाच लावला म्हना की?"

आमचं गाव पानमळ्यांचं. विड्याचं पान आणि पानपिंपरी यांवर इथली कैक घरं जगली. तेव्हा चुना किती लावावा यावर बोलण्याचा अधिकार त्या माणसाला आहे. चुनखडीच्या दगडाला श्वास घ्यावा लागतो. आत शिरलेली ओल बाहेर पडावी लागते. आपण त्याला वर्षानुवर्षं तेलरंग फासला, म्हणजे मे महिन्यात माणसाला रेनकोट घालून बटणं लावली. आत दगड झुरत राहिला आणि बाहेरून आम्ही म्हणत राहिलो, काय स्वच्छ आहे! पुढे विकास दिलावरी या वास्तुरक्षकांच्या देखरेखीखाली ते थर उतरवण्यात आले, आणि जानेवारी 2019 मध्ये बाई आपल्या मूळ रंगात लोकांपुढे आल्या. त्या कामाच्या काळात जवळच जुन्या ट्रामचे रूळही निघाले. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला थांबली होती. मुंबई काही पुसत नाही, नुसतं वरून रंगवते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं ते विहार तलाव झाल्यावर, 1860 साली. त्याआधी विहिरी आणि टाकी. म्हणजे नळ येऊन चार वर्षं होत नाहीत तोच शहराने कारंजं उडवलं! मला हे फार ओळखीचं वाटलं. घरी पहिल्यांदा वीज आली की माणूस भर दुपारी दिवा लावून शेजाऱ्याला बोलावतो. कारंजं म्हणजे तेच: आमच्याकडे आता इतकं पाणी आहे की आम्ही ते उडवतो. रोमच्या जुन्या कारंज्यांवर लोक घागरी भरत. इथे कठडा आहे. पाणी दिसतं, ऐकू येतं, तुषार अंगावर येतात. ओंजळ मात्र भरत नाही. वऱ्हाडी माणसाच्या दृष्टीने हा पाण्याचा अपमान आहे. पण हेही लिहितो की, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाणी चालू होतं, आणि शिंपल्याच्या काठावर बसून एक कावळा निवांत पीत होता. त्याला प्रवेश होता.

तिसरा प्रश्न, वर कोण. जगभर कारंज्याचा सगळा वाद इथेच येतो. रोममध्ये नवोना चौकात बर्निनीने 1651 साली चार नद्यांचं कारंजं पुरं केलं. त्यात जगाच्या चार खंडांच्या चार नद्या बसवल्या आहेत: डॅन्यूब, नाईल, प्लाता आणि आपली गंगा. नाईलने डोक्यावरून पदर घेतलाय, कारण तिचा उगम तेव्हा साहेबाला सापडला नव्हता. आणि गंगा? हे आईला सांगायला ती असायला हवी होती. आपली गंगामाई तिथे दाढीवाला बाप्या आहे! हातात वल्हं घेऊन आरामात टेकला आहे. वल्हं का, तर नदी नावा चालवण्याजोगी मोठी. दगडात प्रतीक कोरायचं म्हटलं की असं होतं. कोरणाऱ्याला जेवढं माहीत तेवढंच त्यात येतं. बाकीचं आपण पाया पडून भरून काढायचं.

मुंबईत फ्लोराहून थोडं दक्षिणेला, रीगल सिनेमासमोर आणखी एक कारंजं आहे, वेलिंग्टन फाउंटन. ते मी समितीच्या खास विनंतीवरून पाहिलं. विनंतीचं कारण असं की, आमचं गाव इतिहासाच्या पुस्तकात एकाच ओळीत येतं: 30 डिसेंबर 1803, सुर्जी-अंजनगावचा तह. असई झाली, आडगाव झालं, गाविलगड पडला, आणि मग दौलतराव शिंद्यांशी इथे तह झाला. तो करून घेणारा आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढे नेपोलियनला वॉटर्लूला गाठणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. रीगलसमोरचं कारंजं 1865 मध्ये उभारलं ते त्याच्या मुंबईच्या दोन भेटींच्या स्मरणार्थ. एक भेट 1801 ची, दुसरी 1804 ची. म्हणजे दुसऱ्या वेळेला पाहुणा आमच्याकडूनच गेला! वकीलसाहेबांचं म्हणणं, त्या कारंज्यात अंजनगावचा कायदेशीर हिस्सा निघतो. मी म्हटलं, हिस्सा मागायला हरकत नाही, पण त्या तहात आपण हरलो होतो. ते म्हणाले, "अपील होऊ शकते."

इथपर्यंत मी जे लिहिलं ते समितीला आवडलं. पुढचं मी समितीला वाचून दाखवलं नाही.

1971 च्या त्या दुपारी मामांनी मला फ्लोरा फाउंटनला नेलं खरं, पण त्यांनी स्वतः त्या बाईकडे एकदाही पाहिलं नाही. ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. समोर दुसरं स्मारक आहे. एक कामगार आणि एक शेतकरी, हातात पेटती मशाल. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे गेले त्यांचं. चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं ते त्यांच्यामुळे. मामांनी चपला काढल्या. मला वाटलं खडा टोचला. मग कळलं, नाही.

21 नोव्हेंबर 1955 ला इथे मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा मामा गर्दीत होते. त्यांनी बोटाने एक जागा दाखवली. "इथं." मग म्हणाले, "माह्या बाजूचा माणूस खाली बसला. मले वाटलं, दमला."

मी एकोणीस वर्षांचा. मला सनावळी पाठ. मी म्हटलं, "पण मामा, आपलं गाव तर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तुम्ही कशाला गेलात?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "गिरणी बंद होती. समदे जात होते."

यावर इतिहासाच्या पुस्तकात काही नसतं. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या दिवशी कारंज्यात पाणी होतं?"

"होतं का नोतं, ध्यानात नाई. तहान ध्यानात आहे."

मग आम्ही पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यापाशी गेलो. मामांनी मला नकाशांचं एक पुस्तक घेऊन दिलं. त्यातही वऱ्हाड मध्य प्रदेशातच होतं, स्वस्त पडलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचताना मला कळलं की, ज्या नॉर्मन शॉनी फुलांच्या देवीचं हे कारंजं आखलं त्यांनीच पुढे लंडनमध्ये पोलिसांसाठी न्यू स्कॉटलंड यार्डची ती प्रसिद्ध इमारत बांधली. वास्तुकार बिचारा, त्याला आधी फुलं सांगितली, मग पोलीस सांगितले. कारंज्याच्या आसपास दोन्ही एकत्र येतील हे त्याच्या आराखड्यात नव्हतं.

तेव्हा माझं मत हे असं. फ्लोरा फाउंटन हे चांगलं कारंजं आहे. त्याचा डौल खालून वर चढत जातो आणि कुठे अडखळत नाही. रंग उतरल्यावर तर दगडाच्या कडा, वस्त्राच्या चुण्या असं पुष्कळ दिसू लागलं, जे मी 1971 साली साखर समजून सोडून दिलं होतं. तरी प्रतीक म्हणून ते अपुरं आहे. सुबत्ता दाखवतं, ती कुणाच्या जिवावर हे दाखवत नाही. समोरचं स्मारक शिल्प म्हणून त्याच्या जवळपासही येत नाही. तिथल्या शेतकऱ्याकडे आणि कामगाराकडे पाहून फोर्सिथसाहेबाने नाक मुरडलं असतं. पण कारंज्यात जे राहिलं ते तिथे आहे. फुलाच्या देवीसमोर शेतकरी उभा आहे. एकटी बाई पाहिली तर ती शोभा, एकटी मशाल पाहिली तर ते दुःख. दोन्हींच्या मधे उभं राहिलं की चौक पुरा होतो. मामा मधे उभे होते. मी ते पाहिलं, पण कळायला मला पन्नास वर्षं लागली. अनुभव म्हणतात तो हाच असावा.

दुसऱ्या खेपेला मामा नव्हते. मी चपला काढून थोडा वेळ उभा राहिलो. दगड तापलेला होता. एका पोराने मला विचारलं, "काका, फोटो काढू का?" त्याला मी सेल्फी जमत नसलेला म्हातारा वाटलो. मी हो म्हटलं. त्या फोटोत मागे फ्लोराबाई आहेत, मी आहे, आणि माझे डोळे मिटलेले आहेत.

परत आलो तेव्हा चौकातल्या कारंज्याचं काम बरंच पुढे गेलं होतं. म्हणजे समिती फुटली होती. पैशावरून नव्हे, पाण्यावरून नव्हे, तर वर कोण यावरून. एका गटाला एक महापुरुष हवे होते, दुसऱ्याला दुसरे. तिसऱ्या गटाचं म्हणणं होतं की वाद नको, वर घड्याळ बसवा. वकीलसाहेबांना दौलतराव शिंदे हवे होते, तहावर सही करण्यापूर्वीचे. ठेकेदारभाऊ म्हणाले, "मास्तर, तुम्ही तज्ज्ञ. तुम्ही सांगा."

मी त्यांना वऱ्हाडातल्या एका गावच्या कारंज्याची गोष्ट सांगितली. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथे माझे व्याही राहतात. मोठ्या थाटाने कारंजं झालं, उद्‌घाटनाला टँकर आणला, पाणी उडालं, टाळ्या झाल्या, टँकर गेला. आता त्या हौदात एक बकरी बसते. सावली चांगली आहे.

"मंग करावं काय?" ठेकेदारभाऊ म्हणाले.

मी म्हणालो, "रांजण ठेवा."

माझं तज्ज्ञपद तिथेच संपलं. मुंबईला जाऊन आलेला माणूस रांजण म्हणतो! पण पानठेल्याचा मालक ऐकत होता. त्याने विड्याला चुना लावला, बोट पुसलं आणि काही बोलला नाही.

फ्लोराबाईंचा उत्सव रोममध्ये 28 एप्रिलला सुरू व्हायचा. लोक फुलं माळून नाचायचे. त्याच सुमाराला आमच्याकडे पारा चव्वेचाळिसावर जातो आणि अक्षय्य तृतीया येते. आमच्या घरी त्या दिवशी फुलांचं कौतुक नसतं. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. यंदा त्या दिवशी सकाळी चौकात गेलो तर पानठेल्याच्या बाजूला, निंबाच्या सावलीत दोन रांजण पुरलेले. भोवती ओली वाळू, वर लाकडी झाकण, साखळीने बांधलेला स्टीलचा गिलास. समितीला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे काम वेळेत झालं होतं.

"पयली घागर तुमची, मास्तर," मालक म्हणाला. "कोनाच्या नावानं टाकता?"

मी मामांचं नाव घेतलं आणि घागर रिकामी केली. रांजणाने घुटुक् घुटुक् करत पाणी आत घेतलं. एक हमाल आला, गिलास बुचकळून प्याला, उरलेलं पाणी मानेवर ओतलं आणि गेला. मूर्ती कोणाची म्हणून त्याने विचारलं नाही.

ठेकेदारभाऊ मात्र रोज दुपारी तिथे पाणी पितात आणि रोज तेच म्हणतात, "सगळं बराबर आहे मास्तर, पर वर काईतरी पाह्यजे होतं."

वर निंब आहे. पण ते त्यांच्या लक्षात येत नाही. तज्ज्ञ नाहीत ना ते.